गुरुजी बदलले, शाळा आपलीच

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की गावात बातमी येते, "आपल्या मोठ्या गुरुजींची बदली झाली." कधी बदली नसते, नोकरी पुरी झालेली असते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. आता एक गंमत पाहा. आपल्याकडे पुष्कळ लोकांची जन्मतारीख १ जून आहे. आईबापांना तारीख ठाऊक नसे. मूल शाळेत घालताना गुरुजी विचारीत, "जन्म कधीचा?" आई सांगे, "पहिला पाऊस पडला होता तेव्हाचा." मग गुरुजी लिहून टाकीत, १ जून. त्यातलीच काही मुले पुढे स्वतः गुरुजी झाली. १ जूनचा जन्म, म्हणून ३१ मे रोजी निवृत्ती. असे कितीतरी गुरुजी एकाच दिवशी घरी बसतात. जूनमध्ये शाळेची घंटा वाजते, तेव्हा मोठ्या गुरुजींच्या खुर्चीवर दुसरेच कोणी बसलेले असते. कधी कधी खुर्ची रिकामीच असते.

घरात कारभारी बदलला की चार दिवस भांड्याला भांडे लागते. शाळेचेही तसेच आहे. जुन्या गुरुजींना सगळे ठाऊक होते. कोणते मूल ऊसतोडीला जाते, कोणाच्या घरी आई आजारी आहे, पाण्याची टाकी कुठून गळते, हे त्यांच्या डोक्यात होते. ते गेले आणि डोकेही बरोबर गेले. नवीन बाई येतात. त्यांना गाव नवे, मुले नवी, चाव्यांचा जुडगाही नवा. अशा वेळी शाळेला आधार कोणी द्यावा? सरकारने द्यावा, हे खरेच. पण सरकार तालुक्याला बसते. रोज सकाळी शाळेपुढून जातो तो तुम्ही-आम्ही.

याच शाळेत जे शिकून गेले त्यांना माजी विद्यार्थी म्हणतात. हा शब्द ऐकून वाचणाऱ्यांपैकी कोणी म्हणेल, "अहो, मी तिसरीतच शाळा सोडली. गुरे राखायला गेलो. अक्षरे तर आता रात्रीच्या वर्गात शिकलो. मी कसला माजी विद्यार्थी?" आम्ही म्हणतो, तुम्ही पण माजी विद्यार्थीच. शाळेच्या रजिस्टरात तुमचे नाव आहे ना? मग झाले. सातवी पास झालेला आणि तिसरीत सुटलेला, दोघांची नावे एकाच वहीत आहेत. त्या वहीत लेकींचीही नावे आहेत. लग्न होऊन त्या दुसऱ्या गावी गेल्या म्हणून नाव खोडले जात नाही. आणि मुंबई-पुण्याला, सुरतेला पोटासाठी गेलेले आहेत, ते तर आहेतच. गावात मेळावा भरतो तेव्हा मुंबईकरांना फेटे बांधतात, माहेरवाशिणींना कोणी बोलावतही नाही. हे आम्हाला बरे वाटत नाही. निम्मी शाळा त्यांची आहे.

आता त्या वहीबद्दलच सांगतो, कारण बदलीच्या वेळी सगळ्यांत जपायची वस्तू तीच. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. मूल शाळेत आले की त्यात त्याचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख लिहितात. शाळा सोडली की तीही तारीख लिहितात. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच मिळतो.

साताऱ्याची खरी गोष्ट ऐका. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात एका मुलाचे नाव घातले. तेव्हा ती शाळा जुन्या राजवाड्यात भरत असे. रजिस्टरात १९१४ या नंबरापुढे नाव लिहिले आहे, भिवा रामजी आंबेडकर. हाच मुलगा पुढे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर झाला. आज त्या शाळेला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात आणि ती सातारा जिल्हा परिषदेकडे आहे. २०१७ सालापासून ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. ती नोंद अजून आहे. सव्वाशे वर्षांत तिथे किती मुख्याध्यापक आले आणि गेले असतील! इंग्रजांचे राज्य गेले, शाळेचे नाव बदलले, मालक बदलला. पण प्रत्येक मुख्याध्यापकाने जाताना ते रजिस्टर पुढच्याच्या हाती नीट दिले. एकाने जरी ते पावसात भिजू दिले असते तरी आज काय दाखवले असते?

तुमच्या शाळेतले रजिस्टरही असेच मोलाचे आहे. थोरामोठ्यांचे नाव त्यात नसेल. पण तुमच्या आजोबांचे असेल. जातीचा दाखला काढायला आणि तो तपासून घ्यायला जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. गरिबाच्या घरी इतके जुने कागद कुठून असणार? जमीन नाही, मग सात-बारा नाही. अशा वेळी आजोबा दोन यत्ता शाळेत गेले होते, त्याची एक ओळ नातवाला कॉलेजात जागा मिळवून देते. ते रजिस्टर उंदरांनी खाल्ले, तर त्या ओळीबरोबर नातवाची जागाही जाते.

म्हणून गुरुजी बदलतात तेव्हा चार्ज देणे-घेणे नीट व्हावे लागते. जुने गुरुजी नव्या गुरुजींना शाळेचा कारभार सोपवतात, त्याला चार्ज देणे म्हणतात. त्याची यादी करतात आणि दोघे तिच्यावर सही करतात. यादीत रजिस्टरे येतात, हजेरीपट येतात, पैशाचे कॅशबुक आणि बँकेचे पासबुक येते. टेबल, खुर्च्या, फळे, पेट्या यांचे डेडस्टॉक रजिस्टर येते. मुलांच्या खिचडीचा तांदूळ आणि डाळ येते. ती नुसती वहीत पाहून घ्यायची नसते, काट्यावर मोजून घ्यायची असते. वहीत दोन पोती आणि खोलीत दीड, असे निघाले तर ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. पुढे सहा महिन्यांनी निघाले तर नवीन बाईंच्या अंगावर येते, आणि त्यांचा त्यात काही दोष नसतो. अलीकडे यादीत आणखी एक वस्तू आली आहे. शाळेची पुष्कळशी माहिती आता संगणकावर भरावी लागते. त्याला परवलीचा शब्द असतो, लोक त्याला पासवर्ड म्हणतात. जुने गुरुजी तो न देता गेले तर नवीन बाई महिनाभर तालुक्याला खेटे घालतात. खोलीची चावी हरवली तर कुलूप तोडता येते. पासवर्डाचे तसे नाही.

चार्ज देणे हे शिक्षकांचे काम आहे. त्यात माजी विद्यार्थ्यांनी मध्ये पडू नये, वह्या हातात घेऊ नयेत. पण एक गोष्ट तुम्हीच करू शकता. गेल्या पाच-दहा वर्षांत गावाने शाळेला काय काय दिले, ते तुम्हाला ठाऊक आहे. कोणी पंखा दिला, कोणी आईच्या नावाने कपाट दिले, मुंबईकरांनी टीव्ही दिला. देताना हार घातले, फोटो काढले. रजिस्टरात लिहिले का? पुष्कळदा लिहिलेले नसते. जी वस्तू रजिस्टरात नाही ती कोणाचीच नाही. ती घरी नेली तरी चोरी म्हणता येत नाही, मोडली तरी दुरुस्ती करता येत नाही. तेव्हा दिलेल्या वस्तूंची यादी करून शाळा व्यवस्थापन समितीकडे द्या, आणि जुने गुरुजी जाण्याआधी ती रजिस्टरात चढवून घ्या.

ही समिती काय आहे, हेही सांगितले पाहिजे. २००९ साली देशात मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला फुकट शिक्षण मिळालेच पाहिजे, असे तो सांगतो. त्याच कायद्याने सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात चार सभासदांपैकी तीन तरी मुलांचे पालक असावे लागतात आणि एकंदर निम्म्या जागा बायकांच्या असतात. आपल्या राज्यात समितीचा अध्यक्ष पालकांतून होतो आणि मुख्याध्यापक तिचे सचिव असतात. शाळेचे काम बरोबर चालते का ते पाहणे, आलेला पैसा कसा खर्च होतो ते पाहणे आणि शाळेच्या सुधारणेचा आराखडा करणे, ही तिची कामे. मुख्याध्यापक बदलले की बँकेतली सही बदलावी लागते. त्यासाठी समितीची सभा भरून ठराव लागतो. सभा लांबली की पैसे बँकेत पडून राहतात आणि इकडे खडू उधार आणावे लागतात. समितीत तुमची कोणी बहीण, भावजय सभासद असेल तर तिला विचारा, "सभा कधी आहे?" एवढे विचारले तरी पुष्कळ होते.

ध्यानात घ्या, कायद्याने ही समिती मुख्यतः पालकांची केली आहे. माजी विद्यार्थी म्हणून तुम्ही मदतनीस आहात. शाळेचे मालक नव्हे. कारण पैसे देणारा हळूच मालक होऊन बसतो, असे आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहतो. "आम्ही रंग दिला, तेव्हा भिंतीवर आमच्या पुढाऱ्याचे नाव घाला." "आम्ही टीव्ही दिला, तेव्हा आमच्या पोराला पुढे बसवा." अशी मदत न दिलेली बरी.

पैशाचे व्यवहार तर फार जपून करावेत. नव्या बाईंच्या हातात नोटा ठेवू नका. त्यांना ते अवघड होते आणि उद्या लोक बोलतात. पैसे शाळेच्या खात्यात भरा, पावती घ्या, समितीच्या सभेत वाचून दाखवा. वर्गणी कोणावर लादू नका. मूल शाळेत घेण्यासाठी देणगी मागणे हा कायद्याने गुन्हा आहे. घेतलेल्या रकमेच्या दसपटीपर्यंत दंड होतो. आणि जे सरकारने द्यायचे ते सरकारकडे मागत राहा. प्रत्येक शिक्षकाला एक खोली, मुलांना व मुलींना वेगळी मुतारी-संडास, पिण्याचे पाणी, खेळायला जागा, वाचनालय, हे सारे कायद्यात लिहिले आहे. वर्गणीतून खोली बांधली तर वाहवा होईल. पण अर्ज न करता बांधली तर सरकार म्हणेल, गाव समर्थ आहे. म्हणून एका हाताने द्या आणि दुसऱ्या हाताने अर्ज लिहा.

पैशापेक्षा नाजूक गोष्ट जिभेची आहे. नवीन बाई पहिल्या आठवड्यात चावडीवरून जातात तेव्हा त्यांच्या कानावर काय पडते? "आमचे गुरुजी असते तर असे झाले नसते." "गुरुजी तर रात्री आठपर्यंत शाळेत थांबायचे." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते. गुरुजींवर माया असते म्हणून तो बोलतो. पण ऐकणाऱ्याला काय वाटेल? बाईंना घरी लहान मूल असेल, वीस कोसांवरून येत असतील. नव्या सुनेला पहिल्या दिवसापासून "आमच्याकडे असे नसते" म्हणत राहिले तर तिचा हात कामाला कसा लागेल? आणि मुले फार हुशार असतात. घरी जे ऐकतात ते वर्गात वागून दाखवतात. बापाने बाईंना नावे ठेवली की पोरगा दुसऱ्या दिवशी पाटी आणत नाही.

जुन्या गुरुजींचा निरोपसमारंभ थाटाने करावा. शाल द्या, श्रीफळ द्या, रडूही येऊ द्या. पण त्याच दिवशी नवीन बाईंना तिथे बोलवा. त्यांना गुरुजींच्या शेजारी बसवा. गुरुजींनी आपल्या तोंडाने म्हणावे, "आता या तुमच्या बाई." हे गुरुजींच्या तोंडून आले की गाव ऐकते. आम्ही शंभरदा सांगितले तरी तितके ऐकणार नाही. निवृत्त गुरुजी गावातच राहत असतील तर त्यांनाही एक विनंती आहे. शाळेच्या ओट्यावर रोज येऊन बसू नये. बाईंनी विचारले तर जरूर सांगावे.

आता उलट बाजू. काही गावांत बदली झाली की तरुण मंडळी शाळेला टाळे ठोकतात. गुरुजी चांगले होते, ते जाऊ नयेत, म्हणून. आम्हाला हा मार्ग पटत नाही. बदली तर संगणकावरच्या यादीने होते. ती एका गावाच्या टाळ्याने फिरत नाही. गुरुजी दुसऱ्या ज्या गावी जातात तिथेही मुले आहेतच. टाळ्याने एकच गोष्ट नक्की होते. खिचडीवर अवलंबून असलेले पोर त्या दिवशी उपाशी राहते. पण गुरुजी गेले आणि त्यांच्या जागी कोणीच आले नाही, तर गप्प बसणेही चूक आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार, असे कायदा सांगतो. मुले मोजा, शिक्षक मोजा. कमी असतील तर आधी केंद्रप्रमुखांना सांगा, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. लहान शाळेत वेगळा मुख्याध्यापक बहुधा नसतो. शिक्षकांपैकी एकाकडेच तो कारभार असतो. वर्गही घ्यायचा आणि कागदही भरायचे. म्हणून तिथे एक शिक्षक कमी झाला तर एक वर्गच बुडतो.

शिक्षक येईपर्यंत माजी विद्यार्थ्यांनी काय करावे? गावात बारावी झालेली, बी.ए. झालेली एखादी मुलगी असेल. मुख्याध्यापक आणि समिती यांनी संमती दिली तर ती तासभर मुलांना गोष्टी वाचून दाखवील, पाढे घेईल. ती शिक्षक नव्हे. शिक्षकाची जागा भरली असे कागदावर होऊ देऊ नका. पण मुले वाऱ्यावर राहत नाहीत. कोणी गवंडी असेल त्याने गळकी टाकी बुजवावी. कोणी सुतार असेल त्याने बाकाचा पाय ठोकून द्यावा. आमच्या मते हीच मदत सगळ्यांत चांगली. तिला समारंभ लागत नाही.

माणूस गेल्यावर संस्था कशी टिकते, याचे मोठे उदाहरण आपल्याच मुलखात आहे. ती सरकारी शाळा नव्हे, पण रयतेची म्हणून सांगतो. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. गरिबांची, सर्व जातींची मुले साताऱ्याच्या वसतिगृहात एकत्र राहत, एकत्र जेवत, श्रम करून शिकत. ९ मे १९५९ रोजी भाऊराव वारले. एवढा मोठा माणूस गेला, आता कसे होणार, असे कोणालाही वाटले असते. पण त्याच वसतिगृहात वाढलेली मुले तोवर शिक्षक झाली होती, कारभारी झाली होती. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्यांतलेच एक. शिकून परत आले आणि संस्थेच्याच कामाला लागले. आज संस्थेच्या शेकडो शाळा आहेत. भाऊरावांनी शाळा बांधल्या, तशी पुढे शाळा चालवणारी माणसेही आधीच तयार केली. तुमचे गुरुजी चांगले होते म्हणता, तर त्यांनी तयार केलेली माणसे तुम्हीच की.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. तेव्हा नव्या मुख्याध्यापकांना लिहायच्या पत्राचा नमुना खाली देतो. मोकळ्या जागी आपले गाव आणि तारीख घाला. ज्याला जे येते ते त्याने लिहावे. जे जमणार नाही ते लिहू नये.

तारीख ............

मा. मुख्याध्यापक,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ............ यांस,

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या गावच्या शाळेत आलात, आनंद झाला. आम्ही खाली सह्या करणार सर्व या शाळेचे माजी विद्यार्थी आहोत.

१. गावाने शाळेला दिलेल्या वस्तूंची यादी सोबत जोडली आहे. ती डेडस्टॉक रजिस्टरात आहे की नाही, ते कृपा करून पाहावे.

२. जुनी जनरल रजिस्टरे ठेवण्यासाठी पत्र्याची पेटी देण्याची आमची तयारी आहे. आपली व समितीची संमती असल्यास पेटी आणून देऊ.

३. आमच्यात एक गवंडी, एक सुतार व एक वायरमन आहेत. महिन्यातून एक दिवस ते विनामोबदला काम करतील. कोणते काम आधी करावे ते आपण सांगावे.

४. आम्हाला भेटायला कोणता वार व कोणती वेळ सोयीची, ते कळवावे. वर्ग चालू असताना आम्ही येणार नाही.

आपले नम्र,
माजी विद्यार्थी
(सही, पूर्ण नाव, शाळा सोडल्याचे साल)

शाळा सोडल्याचे साल आठवत नसेल तर नुसती सही करा. रजिस्टरात ते मिळेल. पत्राच्या दोन प्रती करा. एक मुख्याध्यापकांना द्या. दुसरीवर त्यांची पोच घ्या आणि ती समितीच्या अध्यक्षांकडे ठेवा.